चौऱ्याहत्तरच्या खाली

४ नोव्हेंबर

आठ किलो! कसे? कुठून? तेही सहा आठवड्यांत!

काल नागपूरला डॉक्टरांनी कागदावर आकडा लिहून त्याला गोल केला – ७४. माझं वजन भरलं ८२.४. बाबांना माझ्या लिव्हरचा तुकडा द्यायचा, तर आधी माझ्या लिव्हरवरची चरबी उतरायला हवी. "वजन चौऱ्याहत्तरच्या खाली आणा. पंधरा डिसेंबरला परत स्कॅन करू." आणि नाही आलं तर? – मी विचारलं. डॉक्टर बाबांची फाइल चाळत म्हणाले, "यांच्याकडे फार वेळ नाही."

बाबांनी जन्मात दारूला हात लावला नाही. कधीतरी कावीळ होऊन गेली, ती म्हणे आतच दडून बसली आणि सगळं पोखरत राहिली. धाकटा भाऊ सागर, त्याचा रक्तगट जुळत नाही. आईला शुगर. उरले मी. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी मी हवी आहे – तीही मापात बसले तर!

आणि मी घरी असते कुठे? नेत्र तपासणीच्या गाडीवर नोकरी. सोमवारी निघायचं, शनिवारी संध्याकाळी पिंपळगाव राजाला परत. आज हे गाव, उद्या ते. रात्री लॉजवर. रजा काढावी तर ती सगळी ऑपरेशननंतर लागणार. म्हणजे जे करायचं ते फिरतीवरच. मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला – कुठेही, कधीही, कसल्याही सामानाशिवाय व्यायाम. त्यातली बाई बांबूसारखी आहे. तिला काय जातंय सांगायला!

५ नोव्हेंबर, चिखली

सकाळी खोलीत दोरीवरच्या उड्या. सदतीस झाल्या आणि खालच्या खोलीतला माणूस वर आला. "ओ मॅडम, माह्या चहात चुना पडून राह्यला!" मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोरी बंद.

६ नोव्हेंबर

शकूरभाई आमची गाडी चालवतात. त्यांना कारण सांगितलं नव्हतं, पण यास्मीननं सांगून टाकलं. (यास्मीन माझ्यासोबत असते – ती नाव-नंबर लिहिते, औषधाचे थेंब घालते, मी डोळे तपासते.) दुपारी शकूरभाईंनी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची चार बोटं रुंद पट्टी कापून आणली. "बेटा, ये पैर में फँसाव और खींचो. आवाज नई, कुछ नई. बॅग में बी मावते." ओढून पाहिली. हात थरथर कापायला लागले. ट्यूबचा काळा रंग पंजाबीला लागला तो लागलाच.

आता माझं जिम असं – ट्यूबची पट्टी, पाण्याच्या दोन लिटरच्या दोन बाटल्या, एक चादर. सगळं चष्म्यांच्या पेटीशेजारी मावतं.

९ नोव्हेंबर, घरी

७९.२!

खरं वाटेना. दोनदा उतरले, दोनदा चढले. ७९.२! सहा दिवसांत तीन किलोच्या वर!

घराला लागूनच बाबांचं गोडाऊन. तीस वर्षांची खेडा खरेदी – सोयाबीन, तूर, हरभरा. त्या मोठ्या काट्यावर उभी राहिले. अख्ख्या पंचक्रोशीचा माल ज्या काट्यावर तोलला गेला, त्यावर आज मी. भिंतभर बाबांच्या पेन्सिलीचे आकडे, पोत्यांची वजनं. पेन्सिलही जागच्या जागी, खिळ्याला दोऱ्यानं टांगलेली. मी लहान होते तेव्हापासून तिथेच आहे.

"बाबा, पाहिलं का?" मी ओरडलेच. बाबा खुर्चीत बसून होते, पोटात पाणी भरल्यानं त्यांना फार उभं राहवत नाही. आकड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बस झालं वं आता. जेवून घे." सागर पोती शिवत होता, त्यानं तर मान वर केली नाही. आनंद व्हायला माणसाला काय कर द्यावा लागतो?

१२ नोव्हेंबर, मेहकर

सरकारी शाळेत शिबिर. आयोजकांनी जेवणात पुरी, शिरा, जिलबी! "मॅडम, आमच्या गावात येऊन उपाशी जाता काय?" मी म्हटलं, उपास आहे. "आज कायचा उपास?" सुचेल ते बोलले – "बुधवारचा." तिथली एक म्हातारी म्हणाली, "मंग साबुदाना टाकते!" आणि टाकलाही. तुपात. समोर बसून खाऊ घातला.

रात्री त्या साबुदाण्यापायी लॉजचे जिने चढले. तीन मजले, पंचवीस वेळा. गुडघे आग आग.

१६ नोव्हेंबर, घरी

७७.८.

आई म्हणाली, चेहरा उतरला पोरीचा.  बाबा खुर्ची सरकवून भिंतीकडे तोंड करून बसले. डोळ्यांचा पिवळेपणा वाढलाय. हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखे. मी रोज शे-दीडशे डोळे बघते, या दोन डोळ्यांत बघवत नाही.

२० नोव्हेंबर

आमच्याच बाजूच्या एका खेड्यात शिबिर. रामरावदादा म्हणून एक शेतकरी, सत्तरी ओलांडलेले. कुठल्या नंबरात स्वच्छ दिसतं ते बघत होते. अचानक म्हणाले, "तू हिंमतरावची पोरगी नव्हं काय?" मी हो म्हटलं. हसले. "मंग चष्मा चांगला दे माय. आता मले तुह्या बापाचा काटा वाचता येईन." बाजूचे दोघे-तिघेही हसले. मीही हसले. बाबांना सगळा मुलूख ओळखतो, बरं वाटलं.

२३ नोव्हेंबर, घरी

७६.९. यास्मीनला फोन करून सांगितलं. ती म्हणे, "इतक्या लवकर? तुझ्या तोंडावरून तर वाटत नाही गं." जळते की काय? नाही, यास्मीन जळणारी नाही. पण राग आला.

२६ नोव्हेंबर, लोणार

आज भांडणच झालं यास्मीनशी. शिबिर आरोग्य केंद्रात होतं. कोपऱ्यात सुईचा काटा. यास्मीन म्हणाली, उभी राहा. सुई एकोणऐंशीवर! तीन दिवसांपूर्वी ७६.९ आणि आज ७९?

मी म्हटलं काटा गंजलाय, सुई शून्यावर नव्हतीच. ती म्हणाली, "समी, शून्यावर होती. मी बघितलं." मी ओरडले तिच्यावर. सगळ्या पेशंटसमोर. म्हटलं, आमच्या घरी काटा आहे तो व्यापाऱ्याचा आहे, तीस वर्षं लोक त्याच्यावर माल तोलतात, तुझ्या या डबड्यावर मी विश्वास ठेवू?  ती औषधाचे थेंब घालत राहिली.

संध्याकाळी तीच चादर घेऊन माझ्या खोलीत आली. माझ्या पायांवर बसली आणि पोटाचे व्यायाम मोजायला लागली – "एक, दोन, ऊठ मोटे, तीन." मला रडू आलं. तिनं मोजणं थांबवलं नाही.

३० नोव्हेंबर, घरी

७५.९. उरले फक्त दोन. पुढे आहे मी, हिशेबाच्या पुढे! देवा, होऊ दे.

३ डिसेंबर

काल खाल्लं. लिहूनच ठेवते, लाज वाटायला पाहिजे. एका शेतात रोडग्यांचं जेवण होतं, शिबिरवाल्यांना आग्रहाचं बोलावणं. गोवरीवर भाजलेले रोडगे, तुपात बुडवलेले, वांग्याची भाजी. महिनाभर काकडी आणि मूग. मनाशी म्हटलं, पुढे तर आहेच मी, एक दिवस. तीन खाल्ले. तीन! बोटं चाटली. भूक अशी लागली होती की ताटाखालची पत्रावळसुद्धा गोड लागली असती.

सकाळपासून पट्टी ओढतेय. हाताला फोड.

७ डिसेंबर, घरी

७५.०. रोडगे खाऊनही! बाबांचं पाणी काढलं काल, साडेचार लिटर. बाबा हलके झाले तेवढ्यापुरते. मला जवळ बोलावलं. "समी, नसन होत तं राहू दे. माह्यं झालं सगळं पाहून. तुह्यं अजून व्हायचं हाय." मी म्हटलं, बाबा, एक किलो उरलाय फक्त! त्यांनी डोळे मिटून घेतले.

१० डिसेंबर, शेगाव

भक्तनिवासाजवळच्या लॉजवर आहोत. पहाटे गल्लीत चालते, गर्दी व्हायच्या आधी. एक फुलवाली रोज विचारते, "बाई, येवढ्या फेऱ्या कायच्या? नवस केला काय?" मी हो म्हणते. काय खोटं आहे त्यात?

चक्कर आली दुपारी. तपासणीच्या तक्त्यावरची अक्षरं मलाच दिसेनात. शकूरभाईंनी खजूर पुढे केला. एक. त्याचे दोन तुकडे करून अर्धा परत दिला.

१४ डिसेंबर, घरी

७४.०!!!

झालं! आई देवापुढे साखर ठेवून आली, मला नाही दिली. उद्या सकाळपर्यंत शंभर-दोनशे ग्रॅम आणखी जातीलच. बाबांना मिठी मारली. किती हाडं लागली हाताला. "आता तुम्हाला नाही म्हणता येणार नाही," मी म्हटलं. सागर उठून बाहेर गेला.

१५ डिसेंबर, नागपूर

७६.४.

१५ डिसेंबर, गाडीत

मी नर्सला म्हटलं, परत करा. परत ७६.४. चपला काढल्या, बांगड्या काढल्या, ओढणी काढली. ७६.२. दुसऱ्या मजल्यावरच्या काट्यावर नेलं. तेच. मी भांडायला लागले – काल माझं चौऱ्याहत्तर भरलंय! डॉक्टर शांतपणे म्हणाले, "घरचा काटा बदला." स्कॅनमध्येही चरबी अजून आहे. कमी झालीय, पण पुरेशी नाही. "असा तुकडा त्यांना चालणार नाही, आणि तुम्हालाही धोका. पाच जानेवारीला या." म्हणजे अजून तीन आठवडे. बाबांकडे तीन आठवडे आहेत का, ते नाही सांगत कुणी.

सहा आठवडे माझ्या अंगाची लाकडं केली. कुठे चुकले? ते तीन रोडगे?

१६ डिसेंबर, घरी

रोडगे नव्हते.

शेजारी महादेवरावांच्या घराचं बांधकाम चालू आहे. त्यांच्याकडून सिमेंटची दोन पोती मागितली. बंद, शिलाई न उसवलेली, पन्नास किलोची. मजुरानं एक आणून काट्यावर ठेवलं.

४८.५.

दुसरं ठेवायला लावलं. ४८.५.

सागर दारात उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं पायानं माती उकरली. "ताई, सगळेच मारतात काटा थोडा. शंभराले तीन." कधीपासून? "बाबांच्याच वेळपासून हाय." आणि मला का नाही सांगितलंस? "बाबा सांगतीन असं वाटलं मले."

शंभराले तीन! रामरावदादा हसले होते. बाजूचे हसले होते. मीही दात काढून हसले होते त्यांच्यासोबत! अख्ख्या मुलखाला ठाऊक – काटा मारतो हिंमतराव – आणि त्याची शिकलेली पोरगी लोणारला छाती काढून सांगते, आमच्या काट्यावर लोकांचा विश्वास आहे!

बाबांसमोर जाऊन उभी राहिले. "तुम्ही बघत होतात. दर रविवारी. बघत होतात!" बाबांचे ओठ हलले. "लाज वाटली वं. तू येवढी खुश दिसायची. पोरीले कसं सांगू, का बाप चोर हाय."

लाज! लाजेपायी! मला आधी कळलं असतं तर मी रोडग्याकडे बघितलं नसतं, एकेक ग्रॅम मोजला असता. कालच पास झाले असते! स्वतःचा जीव दिला या माणसानं, पण तोंड नाही उघडलं.

त्यांच्याशी बोलायचं नाही मला.

१९ डिसेंबर, मोताळा

यास्मीनची माफी मागितली. ती म्हणाली, "चल, पट्टी बांध." यापुढे आरोग्य केंद्राचाच काटा. आज ७६.१.

बाबांचा फोन आला होता. घेतला नाही.

२२ डिसेंबर

सागरचा फोन. बाबा आईला ओळखत नाहीत. "ही बाई कोन हाय घरात?" म्हणतात. रक्तातला विषार मेंदूत चढला. रात्रीतच नागपूरला हलवलं, आयसीयूत.

चार दिवस फोन घेतला नाही मी. चार दिवस! आता कोणता फोन घेऊ?

२३ डिसेंबर, नागपूर

रजा टाकली, होईल ते होईल. काचेतून दिसतात. हातपाय बांधून ठेवलेत, नळ्या उपटतात म्हणून.

दवाखान्याला आठ मजले. वॉचमनला सांगितलं, तो म्हणाला, "चढा ताई, पण पेशंटच्या जिन्यानं नको." मागच्या जिन्यानं चढते. आठ वर, आठ खाली. पाण्याच्या बाटल्या हातात. आई पायरीवर बसते, मी तिच्यासमोरून जाते-येते.  एकदाच म्हणाली, "दोघंबी जासान काय मले टाकून?" मी थांबले नाही. थांबले असते तर बसले असते.

२४ डिसेंबर

७५.६.

२६ डिसेंबर

बाबा शुद्धीवर. मला बघितलं, डोळ्यांतून पाणी. मी उशी सरळ केली, बोलले नाही. माझ्यानं बोलवलं नाही. राग आहे का अजून? आहे. त्या रागावरच तर जिना चढते.

२८ डिसेंबर

७५.३. दोन दिवस झाले सुई तिथेच अडकली! उकडलेली भाजी, एक भाकरी, ताक. अजून काय काढू? केस कापून टाकू का? यास्मीन फोनवर म्हणाली, केसांचं वजन किती गं, शंभर ग्रॅम. मी खरंच विचार केला होता.

३१ डिसेंबर

७४.७. पाय सुजलेत. बाहेर लोक फटाके आणून ठेवतायत. शेजारच्या खाटेवरचा माणूस गेला. त्याच्याही मुलाची तपासणी चालू होती. मुलगा जिन्यात माझ्याशेजारी बसला, म्हणाला, "ताई, तुम्ही चढा." नाव विचारायचं राहिलं.

मी चढले.

२ जानेवारी

७४.२. देवा. देवा. देवा.

५ जानेवारी

७३.८!

आणि स्कॅन – चरबी मर्यादेत! डॉक्टर पहिल्यांदा हसले. कमिटीसमोर सह्या झाल्या. त्यांनी विचारलं, कुणी जबरदस्ती केली का? मी म्हटलं, नाही. बारा तारीख धरली आहे, सकाळी सात.

बाबांना सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांच्याशी बोलले, तेही एवढंच – "बारा तारीख." बाबा छताकडे बघत राहिले. थँक्यू नाही, काही नाही. मनात म्हटलं, ठीक आहे. तुम्ही काटा मारलात, मी वजन दिलं. फिटलं.

१० जानेवारी, घरी

आईचे कपडे आणि बाबांची शाल न्यायला आले. चारची गाडी शेगावहून. गोडाऊन उघडं होतं, सागरनं सोयाबीन सगळं काढून टाकलंय, आता खरेदी बंद म्हणाला. बाबांच्या खुर्चीशेजारी पोत्यांची थप्पी असायची, तिच्याआड त्यांच्या मागची भिंत दिसत नसे; ती आता नाही. भिंत मोकळी झाली. तिथे, खुर्चीत बसून हात पुरेल एवढ्या उंचीवर, बाबांचं अक्षर –

समी. ८१.६. ८०.२. ७९.३. ७८.२. ७७.३. ७६.३.

शंभराले तीन धरून काढलेले. दर रविवारचे. खरे. आणि शेवटच्यापुढे, बारीक – "यवढ्यावर डॉक्टर नाही म्हनतीन. पोरगी वाचली."

पेन्सिल दोऱ्याला तशीच लटकत होती. मी खाली ७३.८ लिहिलं.